परचुऱ्यांच्या डब्यातली माती

सायकल मी आयुष्यभर चालवली, पण सायकलवाल्यांशी माझं कधी जमलं नाही. आता गुडगावच्या ज्या सोसायटीत मी राहते, तिथे रविवारी सकाळी दहा-बारा जण अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घालून गेटपाशी गोळा होतात आणि पुढच्या टोलनाक्यापर्यंत जाऊन आले की दिवसभर लिफ्टमध्ये त्याचीच कथा. "आंटी, आज फोर्टी किया." केलं असेल हो. आमचा दूधवाला रोज करतो, त्याला या लिफ्टमध्ये घेत नाहीत. माझी सून म्हणते, "आई, तुम्ही फार कुजकं बोलता." बोलते. पण हा कुजकेपणा म्हातारपणाचा नाही, चांगला जुना आहे. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना, तो माझ्या अंगात आला, आणि तो आणून देणाऱ्या गृहस्थांचं नाव परचुरे.

आमचं क्वार्टर तळमजल्यावरचं. दोन खोल्या, बैठकीची म्हणायची एक जागा, आणि पुढे चार हात बाग. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी होते. कुणाशी भांडण नाही, कुणाला नाही म्हणणं नाही, आणि हो म्हणणं तर त्याहून नाही. त्या वर्षांत देश उघडला असं सगळे म्हणत. आमच्या ब्लॉकमध्ये काय उघडलं, तर बाल्कन्यांमधून केबलच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या आणि प्रत्येक साहेबाच्या हातात गाझियाबादच्या बाजूच्या कुठल्यातरी नव्या सोसायटीचं चकचकीत चित्र दिसायला लागलं. जिथे अजून गव्हाचं शेत उभं होतं, तिथे चित्रात कारंजं, आणि कारंज्यापाशी एक गोरीपान बाई. बाबांनीही ते चित्र आणलं होतं. रोज संध्याकाळी चष्मा पुसून बघायचे, आणि आईनं "घ्यायचाय का फ्लॅट?" विचारलं की "बघू" म्हणून उशीखाली सरकवायचे. कारंजं बघून बघून दोन वर्षांत त्या बाईचा चेहरा पुसट झाला, पण बाबांचं बघणं काही संपलं नाही.

आईचा सगळा जीव त्या चार हात बागेत, आणि बागेतही तुळशीत. दिल्लीची थंडी तुळशीला सोसत नाही. दर पौषात ती काळी पडायची. आई तिला माझा जुना स्वेटर पांघरायची आणि वरच्या मजल्यावरच्या आंटी गॅलरीतून ओरडायच्या, "बहनजी, इसको मफलर भी पहनाओ!" आईचं मत मात्र पक्कं होतं की दोष थंडीचा नाही, मातीचा. "ही दिल्लीची माती म्हणजे नुसता भुगा गं. हिच्यात काही रुजायचं नाही." रविवारी एसटीडी बूथवरून पुण्याला मामाला फोन लावला की ख्यालीखुशाली आटपून शेवटी तिचं एकच मागणं, "दादा, इकडे कुणी येत असेल तर गोडा मसाला दे, मेतकूट दे, आणि मूठभर माती दे रे पुण्याची." काचेबाहेर रांगेत उभी असलेली माणसं आईचा आवाज ऐकून आमच्याकडे टकमक बघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मामानं त्या जानेवारीत पाठवली ती सात सायकलवाली माणसं. पुण्याहून निघालेली, संक्रांतीच्या दिवशी पानिपतला काला अंबपाशी पोचणार, तिथे लढाईत पडलेल्यांना मानवंदना देणार. मध्ये दिल्लीत एक दिवस विश्रांती, ती आमच्याकडे. परचुरे त्यांचे म्होरके. शाळेत पी.टी.चे मास्तर, मिशा वर वळवलेल्या, आणि तोंडात सारखा एकच शब्द, मोहीम. सहल म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. सायकलींना सहा-सहा गिअर, हँडलला भगवे झेंडे, आणि दारात उतरल्या उतरल्या परचुऱ्यांनी आरोळी ठोकली, "दिल्ली काबीज!" समोरच्या ब्लॉकमधली कुत्री भुंकायला लागली. ग्वाल्हेरपासून चंबळच्या पुलापर्यंत ही फौज टेम्पोत बसून आली होती, हे त्यांच्यातल्या कुलकर्णी नावाच्या बँकेतल्या सज्जन माणसानं रात्रीच्या जेवणाआधीच आम्हाला सांगून टाकलं. परचुऱ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की बिचारा पुढचे दोन दिवस फक्त "वा वा" म्हणत होता.

आई त्यांच्यासाठी दुपारपासून राबत होती. गुळाच्या पोळ्या, त्यावर तुपाची धार, वांग्याची भाजी, मटार-भात. ती माणसं जेवली म्हणजे काय जेवली! आणि वर नावं ठेवणं चालूच. मटार गोड आहे, पण आमच्या सासवडच्या मटाराला तोड नाही. पाणी जड आहे. थंडी कसली, ही तर बोचरी हवा, आमच्याकडे पाषाणला पहाटे याहून जास्त असते. असं म्हणत परचुरे आमच्या दोन रजया गुंडाळून बसले होते. मी वाढत होते तर मला विचारलं, "काय गं मंजिरी, दिल्लीत वाढलीस, मराठी येतं का? रोवळी म्हणजे काय सांग बघू." तांदूळ धुवायची टोपली, हे आता माहीत आहे, तेव्हा नाही आलं. मी म्हटलं, "काका, छननी टाइप काहीतरी?" सातही जण हसले. अगदी कुलकर्णीसुद्धा.

पण मला त्यांच्याशी गोड वागणं भाग होतं, कारण मला त्यांच्याबरोबर पानिपतला सायकलनं जायचं होतं. मामानं फोनवर सांगितल्यापासून मी तेच डोक्यात घेऊन बसले होते. माझी लेडीज सायकल, तिला ना गिअर ना झेंडा, पण कॉलेजला रोज मी तिच्यावरूनच जायची, बसमधले पुरुषांचे हात चुकवायला. दिल्लीबाहेर मी कधी स्वतःच्या पायांनी गेलेच नव्हते. जिथे जायचं तिथे बाबांच्या सुट्टीनं, बाबांच्या पासानं, बाबांच्या "बघू"नं. मी बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "परचुरेसाहेब म्हणतील तसं." म्हणून पोळीवर तूप वाढता वाढता मी परचुऱ्यांना विचारलं. ते चौथ्या पोळीवर होते, खुशीत होते. "ये की! उद्या आम्हाला दिल्ली दाखव सायकलवरून. तुझा दम बघतो. टिकलीस तर परवा चल." सगळ्यांसमोर म्हणाले. बाबांनी मान हलवली. आईनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

दुसऱ्या दिवशी रविवार, आणि धुकं असं की पुढच्या सायकलचा झेंडा दिसेना. मी पुढे, सात वीर मागे. शांतिपथावरून तीन मूर्ती, राजपथावर परेडची प्रॅक्टिस म्हणून वळसा, मग तिलक मार्ग, आयटीओ, दरियागंज. मी मुद्दाम जोरात नेलं, खोटं कशाला बोलू. आयटीओच्या पुलाजवळ थांबून मागे बघितलं तर फक्त कुलकर्णी, तेही तोंड उघडं टाकून. बाकीचे मंडी हाऊसला चुकून गोल गोल फिरत होते. परचुरे आले ते रस्त्याला शिव्या देत. "हे काय शहर आहे का? जिथं बघावं तिथं गोल चौक! पुण्यात माणूस सरळ जातो." पुण्यात माणूस सरळ कुठे जातो ते मला अजून सापडलेलं नाही.

लाल किल्ल्यात तिकिटं काढून आत गेलो. परचुरे दिवाण-ए-खासच्या समोर पाय फाकून उभे राहिले आणि तिथे फिरायला आलेल्या एका पंजाबी कुटुंबाला सांगायला लागले, "ये सब अपने ताबे में था. हमारे लोगोंने इधर राज किया है, समझा क्या?" त्या कुटुंबातल्या आजोबांनी नम्रपणे "अच्छा जी" म्हटलं आणि नातवाला पुढे ओढलं. तेवढ्यात एक गाइड आपल्या लोकांना वर बोट दाखवून सांगत होता, "यहाँ चाँदी की छत थी. मराठे उतार के ले गए." झालं! परचुऱ्यांचा चेहरा लालबुंद. गेले त्याच्या अंगावर धावून. "किसने बोला? मराठा चोर नहीं है! शब्द मागे घे!" हिंदी संपली की माणूस मराठीवर येतो. गाइड घाबरला, लोक जमले, एक शिपाई काठी घेऊन यायला लागला. मला वाटलं आता सगळ्यांना चौकीत नेतात. मी मध्ये पडून म्हटलं, "काका, खरंच उतरवली होती. पानिपतावर जाताना. फौजेला पगार द्यायला पैसा नव्हता. आमच्या घरी बाबांच्या पुस्तकात आहे." मी माझ्या परीनं त्यांचीच बाजू घेत होते. भुकेल्या शिपायाला द्यायला चांदी उतरवली, यात लाज कसली? पण परचुरे माझ्याकडे वळले आणि थंड आवाजात म्हणाले, "पोरी, तुला कोणी विचारलं?" नंतर चांदणी चौकात जिलबी खाताना त्यांनी सगळ्यांना बोलावलं, मला नाही. कुलकर्ण्यांनी त्यांच्यातली अर्धी आणून माझ्या हातावर ठेवली. गार झाली होती.

दुपारी घरी पोचलो तर आई दारातच उभी, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत मातीचे, आणि चेहऱ्यावर मी कधी न बघितलेला आनंद. "परचुरेभाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू! तीन वर्षं मागत होते दादाकडे. पाठवली एकदाची. आणि काय माती हो, लोण्यासारखी!" तुळस स्वेटर काढून उन्हात मांडली होती, मुळाशी काळीभोर माती, वर शेणखत, वर पाणी. शेजारी एक रिकामा प्लास्टिकचा डबा पडला होता, आइस्क्रीमचा.

आता तो डबा कसला, ते सांगते. या मोहिमेची सगळी शान होती शनिवारवाड्याची माती. निघताना तिथे पूजा करून, भाषणं करून ती पितळी कलशात भरली होती आणि काला अंबला जाऊन वाहायची होती. पण कलश जड. म्हणून कलश कुणाच्या तरी मेव्हण्याबरोबर ट्रेननं पुढे पाठवला आणि पवित्र माती भरली आइस्क्रीमच्या डब्यात. तो डबा मामाच्या गोड्या मसाल्याच्या आणि मेतकुटाच्या पिशवीतच कोंबलेला, आणि आदल्या रात्री कुणीतरी ती पिशवीच्या पिशवी आईच्या हातात देऊन म्हणालं होतं, "वहिनी, हे सगळं तुमच्या भावानं दिलंय." आईनं दुसरं काय समजायचं?

"वहिनी," परचुरे ओरडले, "ती शनिवारवाड्याची माती होती!"

"हो का?" आई म्हणाली. "तरीच!"

मग तिला कळलं. तिच्या तोंडावरचं हसू एका क्षणात गेलं. तिनं आतून उलथनं आणलं आणि तुळशीच्या मुळाशी बसून माती उकरायला लागली. पण आता पुण्याची कुठली, शेणाची कुठली आणि दिल्लीची कुठली, हे कोण सांगणार? परचुरे तिच्या डोक्यावर उभे राहून बोलत राहिले. शेणात कालवलीत, इतिहास कालवलात, चूल आणि मूल यापलीकडे बायकांना अक्कल नसते ती नसतेच. कालच हिच्या हातच्या सहा पोळ्या खाल्लेला माणूस! आई रडत रडत उकरत होती, आणि बाबा दारात उभे राहून "जाऊ दे, जाऊ दे" असं कुणाला म्हणत होते देव जाणे. मला दोघांचाही संताप आला. आजही येतो. बाबा गेले त्याला इतकी वर्षं झाली, पण त्यांचं ते "जाऊ दे" आठवलं की मी स्वयंपाकघरात भांडी जोरात आपटते.

चहा झाला. चहानंतर परचुरे एकदम शांत झाले, आणि तो शांतपणा त्यांच्या ओरडण्याहून हलकट होता. बाबांना म्हणाले, "साहेब, इथं जवळ बाग असेल ना सरकारी? जरा डबा भरून आणा." बाबा गेले. केंद्र सरकारचा अधिकारी, आणि समोरच्या पार्कात झेंडूच्या वाफ्यापाशी चोरासारखा इकडेतिकडे बघत आइस्क्रीमच्या डब्यात माती भरतोय, हे मी खिडकीतून बघितलं. डबा आल्यावर परचुऱ्यांनी चिमूट चोळून बघितली. "पिवळट आहे. पुण्याची काळी असते." थोडा विचार केला आणि आत हाक मारली, "वहिनी, चहाचा चोथा असेल ना?" आईनं दिला. त्यांनी स्वतःच्या हातानं तो मातीत नीट कालवला, झाकण लावलं, डब्याला नमस्कार केला. हो, नमस्कार केला! कुलकर्णी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

मी विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं, काका?"

"तू नको."

"तुम्ही काल सगळ्यांसमोर म्हणालात. मी टिकले की नाही, यांना विचारा."

"टिकलीस गं. पण तुझी जीभ फार चालते." मग एकदम भाषणाचा सूर लावला, "पानिपतावर घात कशानं झाला? बायका-पोरं बरोबर नेली म्हणून. ती चूक पुन्हा करायची नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. चहाचा चोथा कालवलेला डबा मांडीवर ठेवून हा माणूस मला पानिपत शिकवत होता! मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू गं." मी आत जाऊन धान्याच्या पिंपावर बसले आणि मोठ्यानं रडले. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आई आत आली. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज कोरडा. "किती लांब आहे पानिपत?"

"आहे नव्वद-एक किलोमीटर. का?"

"त्यांच्याबरोबरच गेलं पाहिजे असं कुठंय? रस्ता काय त्यांच्या बापाचा आहे?" आणि मग तिनं बाहेर जाऊन, सातही जण बसले होते तिथेच, बाबांना सांगितलं, "उद्याची रजा टाका. मंजिरी सायकलनं पानिपतला जातेय. आपण मागून स्कूटरनं." बाबांनी तोंड उघडलं. मला वाटलं, झालं, आलंच आता ते "बघू". पण आई म्हणाली, "अहो, आज माती आणलीत ना मुकाट्यानं? आता हेही करा मुकाट्यानं." बाबांनी तोंड मिटलं. परचुरे काहीतरी बोलणार होते. आईनं त्यांच्याकडे बघितलंच नाही, त्यांच्यासमोरच्या कपबशा तेवढ्या उचलून नेल्या.

ती मोहीम अंधारातच जयघोष करत निघाली. आम्ही उजाडल्यावर. सलवार चेनमध्ये अडकते म्हणून मी बाबांची जुनी पँट दोरीनं बांधून घातली होती. मागे बाबा, माकडटोपी घालून, स्कूटर सायकलच्या वेगानं चालवत, आणि त्यांच्यामागे आई, मांडीवर पोळ्यांचा डबा आणि थर्मास. आझादपूरपर्यंत ट्रक अंगावरून जात होते. बाबा प्रत्येक ट्रकला हॉर्न द्यायचे. आमच्या त्या म्हाताऱ्या स्कूटरच्या हॉर्नला ट्रकवाला काय भीक घालणार! पण देत राहिले. हायवेला लागलो आणि दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेतं सुरू झाली, तेव्हा मला जे वाटलं ते मी नंतर कधीच कुणाला नीट सांगू शकले नाही. पाय दुखत होते, नाक गळत होतं, आणि मी मोठमोठ्यानं गात होते. मनात एक वाक्यही तयार करत होते, परचुऱ्यांना सगळ्यांसमोर ऐकवायचं. सोनीपतपर्यंत ते घासून पुसून धारदार झालं होतं.

मुरथलला धाब्यासमोर सात सायकली भगव्या झेंड्यांसकट भिंतीला टेकलेल्या दिसल्या. आत खाटांवर मोहीम परोठे खात होती. लोण्याचे गोळे मला रस्त्यावरून दिसले. मी ब्रेकला हात घातला तर मागून आईचा आवाज आला, "थांबलीस तर बघ! चल पुढं!"

काला अंबला आम्ही आधी पोचलो. मैदान, मधे तो खांब, पुण्या-मुंबईहून बसनं आलेली माणसं, सतरंज्या, माइक. तासाभरानं परचुरे आले, ट्रेननं आलेल्या कलशात लगेच डबा रिकामा केला, कलश हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं आणि माइकवर गेले. "बांधवांनो, ही शनिवारवाड्याची..." इतक्यात त्यांना मी दिसले, पहिल्या रांगेत, बाबांच्या पँटमध्ये. ते अडखळले. कलशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ही... माती," एवढंच म्हणाले आणि घाईघाईनं वाहून टाकली. लोकांना वाटलं, गहिवरले. टाळ्या पडल्या. एक बाई तर डोळे पुसायला लागली.

नंतर ते गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. मला वाटलं विचारतील, कशी आलीस, पाय दुखतात का. ते जवळ वाकून म्हणाले, "कुणाला काही बोलली नाहीस ना?"

ते घासलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण त्या माणसाकडे बघून मला त्याची इतकी किळस आली, की ते त्याच्यावर खर्च करावंसंही वाटेना. "नाही," म्हटलं आणि पाठ फिरवली.

मैदानाच्या कडेला चहावाल्याच्या गाड्यापाशी बाबा उभे होते. माकडटोपी काढलेली, केस विस्कटलेले. चार लोकांसमोर कधी आवाज न चढवलेले माझे बाबा त्या चहावाल्याला, त्याच्या गिऱ्हाइकांना, बसमधून उतरणाऱ्या अनोळखी लोकांना थांबवून थांबवून सांगत होते, "दिल्ली से साइकिल पे आई है जी. वो देखिए, वो. बेटी है हमारी." आई त्यांची बाही ओढत होती, "अहो, पुरे की आता," आणि बाबा ऐकतच नव्हते.